दारूऐवजी दुसरं काही मिळेल का? चारचौघांच्या भीतीवरच्या औषधांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत माझं औषधाचं दुकान आहे. हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. गर्दी ओसरेपर्यंत माणूस बाजूला उभा राहतो, टूथपेस्टचे खोके उलटेपालटे करून बघतो आणि मग पुढे झुकून म्हणतो, "जरा टेन्शन कमी करायची एखादी गोळी आहे का? उद्या मीटिंग आहे." दोन-चार प्रश्न विचारले की कळतं, आजवर हे काम क्वार्टर करत होती.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. खाली ज्या गोळ्यांची नावं येतील त्या चिठ्ठीशिवाय मी देत नाही. कुणाला कोणती द्यायची आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. पण कोणती गोळी कशासाठी असते आणि कोणत्या गोळीकडून भलती अपेक्षा ठेवू नये, हे सांगणं माझ्या कामात येतं. तेवढंच इथे लिहितो.

दोन पेग झाले की मी मोकळेपणानं बोलतो. मग बिघडलं कुठे?

पहिली काही वर्षं कुठेच बिघडत नाही, आणि तीच तर पंचाईत आहे.

मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं, ग्लुटामेट अ‍ॅक्सिलरेटरचं. दारू ब्रेक दाबते आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घेते. घशाची कोरड जाते, खांदे सैल होतात, "लोक काय म्हणतील" हा आवाज मागे पडतो. वरातीत कोपऱ्यात पाकीट-मोबाइल सांभाळत उभा राहणारा माणूस नाशिक ढोलापुढे रुमाल तोंडात धरून नाचतो तो याच जोरावर.

पण मेंदूही गप्प बसत नाही. सतत कुणीतरी ब्रेक दाबतंय म्हटल्यावर तो स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि अ‍ॅक्सिलरेटर वाढवतो. ३० मिलीचा एक पेग उतरवायला यकृताला साधारण तासभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. दहा वाजता संपवलेले चार पेग पहाटे उतरतात आणि मेंदूची ती उलटी तयारी मात्र शिल्लक राहते. पहाटे साडेतीन-चारला छाती धडधडत जाग येते. आधीच बुजरा असलेला माणूस तेव्हा आढ्याकडे बघत आदल्या रात्रीचं प्रत्येक वाक्य तपासत बसतो. पुढच्या कार्यक्रमाची भीती पहिल्यापेक्षा जास्त, म्हणून पेगही एक जास्त.

दुसरं नुकसान लवकर दिसत नाही. आपल्याकडे "भीड चेपणे" असा सुंदर शब्दप्रयोग आहे. चारदा लोकांत गेलं, चारदा काही वाईट घडलं नाही, की भीड चेपते. पिऊन गेलं तर चांगलं गेल्याचं श्रेय दारूला जातं, तुमच्या हिशेबात काहीच जमा होत नाही. दहा वर्षं पार्ट्या करूनही न पिता उभं राहायची वेळ आली की पाय लटपटतात ते यामुळे.

हा आजार आहे की मी नुसता मुखदुर्बळ आहे?

मुखदुर्बळ असणं हा आजार नाही. कमी बोलणारी माणसं समाधानानं जगतात. आजाराचं नाव येतं ते भीतीमुळे आयुष्य आकसायला लागलं की: बढती नाकारली कारण वरच्या जागेवर प्रेझेंटेशन करावं लागतं, फोन उचलत नाही, हॉटेलात चार लोकांसमोर जेवताना हात थरथरतो, बघण्याचा कार्यक्रम तीनदा पुढे ढकलला. सहा महिने किंवा त्याहून जास्त असं चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञ त्याला सोशल अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या यादीत तो "सोशल फोबिया" या नावानं १९८० साली आला. म्हणजे पुस्तकात शिरून त्याला अर्धशतकही झालेलं नाही. त्याआधी त्याला स्वभाव म्हणत, आणि घरी अजूनही तेच म्हणतात.

फक्त प्रेझेंटेशनपुरती, त्या दिवसापुरती घ्यायची गोळी असते का?

असते. प्रोप्रॅनोलॉल. हे मुळात हृदयाचं औषध. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ते शोधलं आणि १९८८ साली त्याला नोबेल मिळालं. घाबरल्यावर अ‍ॅड्रेनलिन ज्या कुलपांत किल्लीसारखं बसतं, त्यांतली बीटा नावाची कुलपं हे औषध आधीच अडवून ठेवतं. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, पण हृदय धावत नाही आणि हाताला कापरं भरत नाही.

याचा फायदा सर्वांत आधी ओळखला तो वादकांनी. व्हायोलिनचा गज हातात थरथरला तर ती थरथर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. १९७० च्या दशकातच तंतुवाद्य वाजवणाऱ्यांवर या गटातल्या औषधांचे प्रयोग झाले आणि वादन सुधारलेलं दिसलं. नेमबाजांनाही ते कळलं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू यानं पिस्तुलात एक रौप्य आणि एक कांस्य मिळवलं, तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि दोन्ही पदकं परत गेली. नेमबाजीत त्यावर बंदी आहे. ऑफिसच्या रिव्ह्यूवर नाही.

आता त्याची मर्यादा. ते मन शांत करत नाही. "मी मूर्ख दिसतोय" हा विचार जिथल्या तिथे राहतो, फक्त शरीर त्याला साथ देत नाही. कित्येकांना तेवढं पुरतं, कारण आपला आवाज कापतोय हे ऐकूनच ते आणखी घाबरत असतात. घाम मात्र त्यानं थांबत नाही, कारण घामाची वायरिंग वेगळी आहे. आणि रोजच्या, सगळीकडच्या भीतीवर याचा उपयोग नाही. याच गटातलं अ‍ॅटेनोलॉल १९९२ साली सोशल फोबियाच्या रुग्णांवर तपासलं गेलं, तेव्हा ते नकली गोळीपेक्षा (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली गोळी) सरस ठरलं नाही. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी उभं राहायची भीती असेल तर ते कामाचं. नातेवाइकांच्या लग्नात तीन तास वावरायची भीती असेल तर नाही.

डॉक्टर सहसा १० ते ४० मिलिग्रॅम, कार्यक्रमाच्या अर्धा-एक तास आधी असं लिहून देतात. आणि बहुतेक डॉक्टर सांगतात की पहिली गोळी कार्यक्रमाच्या दिवशी घ्यायची नाही, आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघायची. काहींचं बीपी इतकं उतरतं की उभं राहिल्यावर गरगरतं, आणि ते व्यासपीठावर कळण्यापेक्षा घरच्या सोफ्यावर कळलेलं बरं.

दमा असेल तर ही गोळी घ्यायची नाही. श्वासनलिका उघड्या ठेवणारी कुलपंही ती अडवते, झटका आला तर तो जिवावर बेतू शकतो आणि नेहमीचा पंपही नीट काम करत नाही. मी स्वतः दमेकरी आहे, त्यामुळे हे जरा आवाज चढवून सांगतो. नाडी मुळातच मंद असणारे, हार्ट ब्लॉक (हृदयातले विजेचे संदेश अडण्याचा त्रास) असलेले यांनाही नाही. मधुमेहात इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा: साखर उतरल्यावर होणारी धडधड हीच धोक्याची घंटा असते, आणि ही गोळी ती घंटाच बंद करते.

मित्राकडे याच गोळीची स्ट्रिप आहे. त्यातली एक घेतली तर चालेल?

नाही, आणि कारण फक्त कायद्याचं नाही. स्ट्रिप उलटून मागचा बारीक मजकूर वाचा. आपल्या देशात दोन-दोन औषधं एकाच गोळीत घालायची फार हौस आहे. प्रोप्रॅनोलॉलच्या नावानं ओळखली जाणारी गोळी प्रत्यक्षात प्रोप्रॅनोलॉल अधिक क्लोनाझेपाम, किंवा प्रोप्रॅनोलॉल अधिक एटिझोलाम असू शकते; क्लोनाझेपाम आणि एटिझोलाम ही गुंगी आणणारी औषधं. एसिटालोप्रॅम अधिक क्लोनाझेपाम ही जोडगोळी तर माझ्या दुकानात जवळजवळ रोज जाते. मित्राला वाटतं तो "हृदयाची साधी गोळी" देतोय. तुम्ही ती घेऊन मीटिंगला जाता, डोळ्यांवर झापड येते, संध्याकाळी त्यावर बिअर घेता. नाव सारखं वाटलं म्हणून मोठा गोंधळ.

जोडगोळ्यांबद्दल माझं वैयक्तिक मत चांगलं नाही. एकातलं एक बंद करायचं असेल तर दुसरंही बंद पडतं. पण ते बोलायचं डॉक्टरांशी.

लगेच आराम देणाऱ्या झोपेच्या-टेन्शनच्या गोळ्या म्हणजे क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम. त्या दारूपेक्षा बऱ्या ना?

त्या काम करतात, हे आधी सांगतो. नाही म्हटलं तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दहा आठवडे क्लोनाझेपाम घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के रुग्णांना चांगला फरक पडला, नकली गोळीवर फक्त २० टक्क्यांना. आकडा घसघशीत आहे.

पण ती दारूचीच सख्खी बहीण आहे. तोच गाबाचा ब्रेक, फक्त दाबायची जागा थोडी वेगळी. दारू रोज पिणाऱ्याला इस्पितळात दारू बंद करताना डॉक्टर याच घराण्यातली औषधं देतात, मेंदूला फार फरक जाणवू नये म्हणून. यावरून नातं किती जवळचं ते समजा. काही आठवडे रोज घेतली की मेंदू तिलाही सरावतो, तीच गोळी कमी पडायला लागते, आणि अचानक बंद केली तर झोप उडते, हात कापतात, कुणाला फिट येते. तिनं काल काय झालं हे पुसट होतं, त्यामुळे भीड चेपायला जो अनुभव लागतो तोही मेंदूत नीट बसत नाही.

आणि तिच्यावर दारू अजिबात नाही. दोघी मिळून श्वास मंदावतात. लोक म्हणतात, गोळी काल घेतली होती, आज पेग घ्यायला काय हरकत आहे? अल्प्राझोलाम अर्धं उतरायला साधारण अकरा तास लागतात, क्लोनाझेपामला तीस ते चाळीस. कालची गोळी आज टेबलावर तुमच्या शेजारी बसलेली असते.

या औषधांमुळे आमच्यावरही नजर असते. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. ती देताना रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या नोंदवहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवायची. त्यामुळे "काका, चिठ्ठी घरी राहिली, दोनच द्या" याला माझं उत्तर ठरलेलं आहे. काही जण चिडून पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत.

डॉक्टर ही औषधं कधीच देत नाहीत असं नाही. मोजक्या दिवसांसाठी, मुख्य औषधाचा परिणाम सुरू होईपर्यंत, ते देतात. ज्याची दारू आधीच हाताबाहेर गेली आहे त्याला देताना मात्र ते दहादा विचार करतात.

मग डॉक्टर नेमकं काय लिहून देतात?

बहुतेक वेळा मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्या: एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, किंवा थोड्या वेगळ्या घराण्यातलं व्हेन्लाफॅक्सिन. अमेरिकेत खास या आजारासाठी पहिली मान्यता मिळाली ती पॅरॉक्सेटिनला, १९९९ साली. त्याच्या एका मोठ्या चाचणीत १२ आठवड्यांनी ५५ टक्के लोकांना लक्षणीय फरक पडला होता, नकली गोळीवर २४ टक्क्यांना. म्हणजे जादू नाही, पण फरक खरा आहे.

अडचण वेळेची. दारूला वीस मिनिटं पुरतात. या गोळीला चार ते सहा आठवडे लागतात, पुरता परिणाम दिसायला बारा. त्यातही पहिले दहा-पंधरा दिवस उलटे जातात: मळमळ, अस्वस्थता, झोप मोडणं, कधी भीती थोडी वाढलेली. याच पंधरवड्यात लोक गोळी सोडतात. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधल्या सहा परत आणून "या मला सूट होत नाहीत, पैसे परत द्या" म्हणणारे मी खूप बघितलेत. म्हणून डॉक्टर अर्ध्या गोळीनं सुरुवात करतात आणि हळूहळू वाढवतात.

लैंगिक इच्छा कमी होणं किंवा वेळ लागणं हा परिणाम बऱ्याच जणांना होतो आणि जवळजवळ कुणीच बोलत नाही. बोला. मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं. पंचविशीच्या आतल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी सुरुवातीच्या आठवड्यांत विशेष लक्ष ठेवावं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना गाठावं. घरात कुणाला बायपोलर आजार (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी) असेल तर तेही आधीच सांगावं. आणि माझ्या काउंटरवरची एक सूचना: या गोळ्या चालू असताना अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनानं घेऊ नका, पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. मला विचारा, मी पॅरासिटामॉल काढून देईन.

या गोळ्यांची सवय लागते का? जन्मभर घ्याव्या लागतात का?

दारूसारखी तल्लफ येत नाही, मात्रा चढत जात नाही. पण अचानक थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ शकतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये हे जास्त. म्हणून सोडतानाही पायरी-पायरीनं. बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग कमी करत नेतात. काहींना पुन्हा सुरू कराव्या लागतात.

गोळी चालू आहे. ऑफिसच्या पार्टीत एखादा पेग चालेल?

सर्ट्रालिन-एसिटालोप्रॅमवर एका बिअरनं आकाश कोसळत नाही, पण झिंग लवकर येते आणि झोप जास्त. माझी हरकत वेगळीच आहे. ज्या भीतीसाठी गोळी सुरू केली तिच्यावर पुन्हा दारूच ओतली, तर गोळीचा उपयोग झाला की नाही हे तुम्हाला कळणार कसं? निदान पहिले तीन महिने हातात सोडा-लिंबू धरा. कुणी विचारलं तर "अँटिबायोटिक चालू आहे" म्हणा. हे उत्तर महाराष्ट्रात सर्वमान्य आहे, कुणी पुढे विचारत नाही.

भीतीचं औषध सुरू केलं की दारू आपोआप सुटेल का?

तर्कानं वाटतं सुटेल. संशोधन सांगतं, तितकं सोपं नाही. ज्यांना सामाजिक भीतीही आहे आणि दारूचा त्रासही आहे, अशांना अमेरिकेत पॅरॉक्सेटिन देऊन पाहिलं गेलं. २००८ साली निष्कर्ष आले. भीती कमी झाली, लोकांत जाण्याआधी आधार म्हणून पिणंही कमी झालं, पण एकूण दारू काही कमी झाली नाही. सुरुवात ज्या कारणानं होते, ते कारण गेल्यावरही दारू आपल्या पायावर उभी राहिलेली असते. तिच्यावर स्वतंत्र उपचार लागतात.

इथे एक गोष्ट नीट वाचा. रोज पिणाऱ्यानं, विशेषतः सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावर थांबतात अशा माणसानं, जिद्दीला पेटून एका रात्रीत दारू बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, भास असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं काम आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच करतंय, आणि जिल्हा रुग्णालयांतही सोय असते.

नवऱ्याला न सांगता कणकेत मिसळायची गोळी द्या ना.

हा प्रश्न बायका विचारतात, क्वचित आया. मागतात ते डायसल्फिराम. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, बीपी कोसळतं. पिणाऱ्याला माहीत असेल तर ते कुंपण आहे, माहीत नसेल तर सापळा. त्यात माणूस दगावू शकतो. मी देत नाही. पण त्या ताईंना मी रिकाम्या हातानं पाठवत नाही, बसवून घेतो आणि खाली दिलेला टेली-मानसचा नंबर लिहून देतो.

प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन याही भीतीवर चालतात असं वाचलं.

मुळात फिट आणि नसांच्या दुखण्यावरच्या या दोन्ही औषधांच्या चाचण्या झाल्या आहेत आणि थोडा उपयोग दिसलाही, प्रीगॅबालिनचा तो मोठ्या मात्रेत. पण झिंग येते म्हणून त्यांचा गैरवापर वाढला, आणि ब्रिटननं २०१९ मध्ये दोन्ही नियंत्रित यादीत टाकली. दारूसोबत वाईट जोडी. बस्पिरोन नावाचं सवय न लावणारं औषध काही जण मागतात; एकट्यानं या आजारावर त्याचा उपयोग दिसलेला नाही.

अश्वगंधा, ब्राह्मी, भांग? नैसर्गिक आहे ना?

धोतराही नैसर्गिक आहे.

अश्वगंधेनं ताण थोडा कमी होतो असं दाखवणारे छोटे अभ्यास आहेत. चारचौघांच्या भीतीवर तिची नीट परीक्षा झालेली मला माहीत नाही. यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, आणि डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. थायरॉइडची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

भांगेचं गणित उलटसुलट आहे. होळीला भांग घेऊन "सगळे माझ्याकडेच बघतायत" असं वाटून संडासात कडी लावून बसलेला एक तरी नातेवाईक प्रत्येकाला आहे. भांगेतलं जे रसायन झिंग आणतं ते, म्हणजे टीएचसी, भीती वाढवूही शकतं. त्याच झाडातल्या, झिंग न आणणाऱ्या सीबीडी या रसायनावर ब्राझीलमध्ये अभ्यास झाला: २०११ साली सोशल अँग्झायटीच्या २४ रुग्णांना भाषण करायला लावलं, निम्म्यांना आधी ६०० मिलिग्रॅम सीबीडी दिलं होतं, त्यांची अस्वस्थता कमी राहिली. आशादायक आहे, पण २४ माणसं म्हणजे एका मोठ्या कुटुंबाचं जेवण. आणि बाजारात मिळणाऱ्या तेलाच्या थेंबांत ६०० मिलिग्रॅम भरायचे तर बाटली संपेल.

फिजी-वानुआतूकडे कावा नावाच्या मुळाचं पाणी पितात, त्यानं जीभ बधिर आणि मन सैल होतं. फिजीतल्या भारतीय वंशाच्या लोकांनीही ते उचललं. यकृताच्या तक्रारींमुळे जर्मनीनं २००२ मध्ये त्याच्या औषधांवर बंदी घातली, २०१४ मध्ये न्यायालयानं ती उठवली, पण २०१९ मध्ये त्यांची मान्यता पुन्हा काढून घेतली गेली. आपल्याकडे कुणी पार्सलनं मागवत असेल तर बाटलीत नेमकं काय आहे याची खात्री कोण देणार?

दारूची मजा देणारं पण नुकसान न करणारं रसायन निघालंय म्हणे?

ब्रिटनचे प्रोफेसर डेव्हिड नट यांचं ते स्वप्न आहे. २००९ साली सरकारच्या अमली पदार्थ सल्लागार मंडळाच्या अध्यक्षपदावरून त्यांना काढलं, कारण दारू ही बऱ्याच बंदी असलेल्या पदार्थांपेक्षा घातक आहे असं ते उघड बोलत होते. पुढच्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी वीस पदार्थांना गुण दिले. शंभरपैकी दारूला ७२, हेरॉइनला ५५. गाबाच्या नेमक्या भागावर काम करणारा, ठरावीक पातळीनंतर न चढणारा रेणू बनवायचा त्यांचा प्रयत्न चालू आहे. वनस्पतींच्या अर्काचं एक पेय त्यांनी बाजारात आणलं. तो रेणू मात्र अजून माझ्या कपाटात आलेला नाही.

तोवर इंटरनेटवर "दारूला पर्याय" म्हणून जी पांढरी पावडर विकली जाते, ती बहुधा फेनिब्यूट असते. सोव्हिएत काळातलं औषध. पहिल्या दिवशी लोक तिच्या प्रेमात पडतात, रोज घेतली तर काही आठवड्यांत अडकतात, आणि ती सुटताना भास होईपर्यंत त्रास देते. जितक्या लवकर भीती घालवणारी वस्तू, तितक्या चढ्या व्याजाचं कर्ज: माझ्या कपाटातल्या औषधांनाही हे लागू होतं.

गोळीच नको असेल तर?

मग तुम्ही योग्य टोकाकडून सुरुवात करताय. ब्रिटनच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिला उपचार गोळी नाहीच, विचार-वर्तन उपचार आहे, म्हणजे तज्ज्ञाशी बोलत घाबरवणारे विचार आणि टाळाटाळीच्या सवयी बदलणं. गोळी ज्यांना हे नको किंवा पुरलं नाही त्यांच्यासाठी. २००३ साली डेव्हिड क्लार्क आणि सहकाऱ्यांनी हा उपचार आणि फ्लुओक्सेटिन समोरासमोर ठेवले, तेव्हा उपचार सरस ठरला.

मराठी वाचकांना याची एक शाखा ओळखीची आहे: विवेकनिष्ठ मानसोपचार. तिचे जनक अल्बर्ट एलिस स्वतः मुलींशी बोलायला भयंकर घाबरत. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी दिसेल तिच्याशी बोलायचं असं ठरवलं. शंभर जणींशी बोलले. एक भेटायला कबूल झाली, आणि ती आलीच नाही. पण कुणी पोलीस बोलावले नाहीत, आभाळ कोसळलं नाही, आणि भीड चेपली. (आज बागेत जाऊन हाच प्रयोग करू नका. दुकानदाराशी, रिक्षावाल्याशी, लिफ्टमधल्या शेजाऱ्याशी करा. माझ्याशी करा, मी दिवसभर इथेच असतो.)

डॉक्टरांकडे जाऊन नेमकं काय सांगू? आणि जाऊ कुठे?

"टेन्शन येतं" एवढंच सांगू नका, त्यावर जोडगोळी मिळेल. कुठे येतं, काय टाळता, हात कापतो की डोकं रिकामं होतं, आणि दारू किती पिता हे खरं सांगा. आठवड्याला किती पेग म्हणाल त्याच्या दुप्पट डॉक्टर मनात लिहितातच. दमा, मधुमेह, चालू असलेल्या इतर गोळ्या, गरोदरपण, सगळं सांगा.

ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, गोव्यात बांबोळीला. ठाण्यातली आयपीएच ही संस्था १९९० पासून समुपदेशन करते. आणि कुठेच जायची हिंमत होत नसेल, जे या आजारात अगदी साहजिक आहे, तर टेली-मानस: १४४१६. केंद्र सरकारची मोफत सेवा, २०२२ पासून, मराठीत बोलता येतं. समोर चेहरा नसतो.

दुबईला नोकरी लागली. गोळ्या नेता येतील?

आमच्याकडे हे दर महिन्याला विचारतात. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, प्रीगॅबालिन ही संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. तिथल्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी निघण्याआधीच घ्यावी लागते. चिठ्ठी, बिल, मूळ स्ट्रिप सोबत. गोळ्या सुट्या डबीत भरून नेऊ नका.

तुम्ही स्वतः कधी घाबरलात का?

दोन वर्षांपूर्वी केमिस्ट लोकांच्या मेळाव्यात पाच मिनिटं बोलायचं होतं, दोनशे लोकांसमोर. कपाटात प्रोप्रॅनोलॉलचे तीन ब्रँड पडलेले आणि दम्यामुळे मला त्यातली एकही चालत नाही. एका जुन्या मित्रानं पार्किंगमध्ये "नाइंटी मार, वाघासारखा बोलशील" असं सुचवलं. मी घेतली नाही. हात कापणारच होते, म्हणून भाषणाचा कागद एका जाड पुठ्ठ्याला क्लिपनं लावून घेतला. पातळ कागद थरथरला की सभागृहाला दिसतो, पुठ्ठा तितका थरथरत नाही. पहिलं मिनिट आवाज कापला. तिसऱ्या मिनिटाला पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला, म्हणजे स्वतःकडचं लक्ष सुटलं होतं. तो पुठ्ठा अजून गल्ल्याखाली आहे; कुणाला हवा असेल तर नेतात आणि परत आणून देतात.